कामाच्या जातीचा कुत्रा दत्तक घेताना



आजचा विषय तुमच्यापैकीच अनेकांनी दिलेला आहे. कुणी इंदूरहून विचारतं, कुणी बेळगावहून, कुणी हैदराबादहून. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो : "ताई, आमच्या भागात कुणीतरी जर्मन शेफर्ड सोडून दिलाय. बिचारा गेटपाशी बसून राहतो. घरी आणू का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. आणा, पण आधी अर्धा तास माझ्याशी बोला. आजचा भाग म्हणजे तो अर्धा तास. मी डॉक्टर नाही, प्रशिक्षकही नाही. आमच्या वडोदऱ्याच्या फ्लॅटमध्ये सहा वर्षांपूर्वी अशीच एक कुत्री आली. तिच्यामुळे जे शिकले, जिथे चुकले आणि ज्या जाणकारांनी शिकवलं, ते सगळं सांगते.

राणी कशी आली

राणी आली तेव्हा अंदाजे पाच वर्षांची होती. वजन एकोणीस किलो. या जातीच्या मादीचं वजन साधारण बावीस ते बत्तीस किलो असायला हवं, म्हणजे ती किती खंगली होती ते समजा. पोटाखालचं कातडं लोंबत होतं. तिला पाहताच प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिच्याकडून बरीच पिल्लं काढलेली आहेत. पिल्लं विकून झाली, तिची तब्येत ढासळली, आणि कुणीतरी तिला हमरस्त्याला सोडून दिलं. मानेवर साखळीचा घट्टा होता, तिथे आजही केस येत नाहीत.

आमच्या सासूबाई तिला पाहून म्हणाल्या, "अगंबाई, हा तर अल्सेशियन!" त्यांच्या पिढीत हेच नाव चालायचं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना कुत्र्याच्या नावातही 'जर्मन' शब्द नको होता, म्हणून त्यांनी 'अल्सेशियन' रूढ केलं आणि तेच आपल्याकडे आलं. कुत्रा एकच, नावं दोन.

कामाची जात म्हणजे काय

इथे जरा थांबते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

जर्मन शेफर्ड ही जात माक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्याने १८९९ साली नोंदवायला सुरुवात केली. नोंदीतला पहिला कुत्रा होरांड नावाचा. उद्देश एकच होता : मेंढ्या राखणारा उत्तम कुत्रा. आता मेंढ्या राखणं म्हणजे काय? आपल्याकडे धनगर मेंढ्या बसवतात, तेव्हा दोन शेतांच्या मध्ये बांध असतो. जर्मनीत अनेक ठिकाणी कुंपण नसायचं. एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला उभं पीक. मधल्या रेषेवरून हा कुत्रा दिवसभर फेऱ्या मारायचा. मेंढीने पिकात तोंड घातलं की तिला परत हाकलायचा, ऐकलं नाही तर हलकेच दात लावायचा, पण जखम करायची नाही. म्हणजे कुत्राच बांध होता.

आता हाच प्राणी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून बसवा. त्याचं रक्त त्याला काय सांगेल? मुलं हॉलमध्ये धावली की त्यांच्याभोवती गोल फिर. कुणी घोळक्यातून बाहेर पडलं की पोटरीला दात लाव. जिन्यात पाऊल वाजलं की भुंक. घरातली चार माणसं चार खोल्यांत गेली की बेचैन हो. आपण म्हणतो, कुत्रा बिघडलाय. तो बिघडलेला नसतो. तो कामावर असतो, फक्त त्याला काम कुणी नेमून दिलेलं नसतं.

हेच इतर जातींना लागू आहे. बेल्जियन मॅलिन्वाची ओढ मेंढपाळीची, वेग त्याहून जास्त. म्हणूनच सुरक्षा दलांना तो आवडतो आणि म्हणूनच नवख्या घराला तो झेपत नाही. हस्की बर्फात गाडी ओढायला घडवलेला. आपल्या मुधोळ आणि कारवान कुत्र्यांचं काम नजरेने सावज टिपून धावणं. त्यांना दोरी न लावता मोकळ्या मैदानात सोडलं आणि ससा दिसला, तर तुमची हाक त्यांच्या कानांपर्यंत पोहोचत नाही. कुत्रा कुठल्या कामासाठी घडला, हे आधी समजून घ्या. त्याच्या निम्म्या 'खोडी' तिथेच उलगडतात.

हो म्हणण्याआधी

कुत्रा दारात असताना विचार करायला वेळ नसतो. म्हणून हे प्रश्न आत्ताच स्वतःला विचारा.

दिवसातून दोनदा, एकूण दीड तास त्याला देणारं माणूस घरात कोण आहे? 'आम्ही सगळे मिळून करू' हे उत्तर धरू नका. सगळ्यांचं काम कुणाचंच नसतं. एक नाव हवं.

घरात सहा वर्षांखालचं मूल आहे का? अंगणात कोंबड्या, घरात मांजर आहे का? असेल तर नाही म्हणा असं नाही, पण त्या कुत्र्याला मुलांसमोर, मांजरासमोर आधी कुणीतरी पाहिलेलं असावं.

खर्च पेलेल का? तीस किलोच्या कुत्र्याचं खाणं, गोचिडांचं औषध आणि लस धरून आमचे महिन्याला सात-आठ हजार जातात. आजारपण वेगळं.

आणि शेवटचा प्रश्न. बदली झाली, बाळ झालं, घरमालकाने घर सोडायला सांगितलं, तर? सोडून दिलेली बहुतेक मोठी कुत्री याच तीन कारणांच्या आसपास कुठेतरी हरवलेली असतात. त्यांना दुसऱ्यांदा सोडण्यापेक्षा पहिल्यांदाच नाही म्हणणं दयेचं आहे.

संस्थेकडून घेत असाल तर सरळ विचारा : कुणाला चावलाय का? खाताना गुरगुरतो का? अनोळखी पुरुषाला, सायकलला, दुसऱ्या कुत्र्याला पाहून काय करतो? चांगली माणसं यावर गोड बोलत नाहीत, खरं सांगतात. कुत्र्याला दोन-तीनदा भेटा, बरोबर फिरायला जा. काही संस्था आधी पंधरा दिवस सांभाळायला देतात. ती सोय असेल तर जरूर घ्या.

रस्त्यावर सापडलेला असेल तर आधी तो हरवलेला नाही ना, हे पाहा. डॉक्टरांकडे मायक्रोचिप वाचायचं यंत्र असतं, तिथे तपासा. आसपास फोटो लावा. पण एक खूण मुद्दाम लपवून ठेवा. जो मालक म्हणून येईल त्याला ती सांगता आली पाहिजे, कारण पिल्लं काढायला मादी हवी असणारेही 'माझीच आहे' म्हणत येतात.

पहिले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

कुत्र्यांची माणसं एक ढोबळ हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस तो भेदरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची पद्धत शिकतो, आणि तीन महिन्यांनी हे आपलं घर आहे असं त्याला वाटायला लागतं. प्रत्येकाचं गणित वेगळं, पण दिशा हीच.

आम्ही पहिल्याच संध्याकाळी चूक केली. शेजारची आठ-दहा माणसं राणीला बघायला आली. मुलांनी तिला मिठ्या मारल्या. ती शेपूट पोटाखाली घालून, कान मागे टाकून भिंतीला चिकटून बसली. आम्हाला वाटलं, किती शांत आहे! ती शांत नव्हती, गोठलेली होती. जांभई देणं, ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं कुत्रा सांगत असतो : मला जरा मोकळं सोडा.

तुम्ही असं करा. एक कोपरा त्याचा ठरवा. तिथे अंथरूण, पाणी. तिथे तो असताना कुणीही हात लावायचा नाही, लहान मुलांनी तर नाहीच. पहिला आठवडा पाहुणे नकोत, आंघोळ नको, बाजार नको. जेवण, फिरणं, झोप यांच्या वेळा ठरलेल्या ठेवा. बाहेर नेताना गळपट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही लावा, कारण घाबरलेला कुत्रा गळपट्ट्यातून मान काढून क्षणात पळतो. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवा. कुत्रा कितीही गुणी वाटला तरी पहिले काही महिने मोकळा सोडू नका.

घरात आधीचा कुत्रा असेल तर दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवा. नव्याच्या अंगात डिस्टेंपर किंवा पार्व्हो दबा धरून असेल तर तो एवढ्या काळात दिसतो. ओळख घराबाहेर, मोकळ्या जागी, दोघांना शेजारी-शेजारी चालवत करून द्या. आणि जेवण वेगवेगळ्या खोल्यांत.

डॉक्टरांकडे काय काय

पहिल्या दोन दिवसांत डॉक्टर गाठा. आधीचे कागद नसतील तर लस झालीच नाही असं धरून चालायचं. रेबीजची लस आणि बाकीच्या रोगांची एकत्र लस, पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा. जंताचं औषध. आणि रक्त तपासणी, ही टाळू नका.

आपल्या देशात गोचिडाचा ताप फार आहे. गोचिडातून एर्लिचिया, बबेसिया असे जंतू रक्तात जातात. कुत्रा मलूल होतो, खात नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. राणीच्या रक्तात एर्लिचिया सापडला. चार आठवडे गोळ्या चालल्या. वेळेत कळलं म्हणून ती वाचली. आणखी एक सांगते. गोचीड दिसले की दुकानातून आयव्हरमेक्टिन आणून टोचायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ते करू नका. कोलीसारख्या मेंढपाळी जातींत काही कुत्र्यांना हे औषध जनुकातल्या दोषामुळे सोसत नाही, मेंदूवर परिणाम होतो. औषध कुठलं आणि किती, हे वजन पाहून डॉक्टरांनीच ठरवावं.

मादी असेल तर तब्येत सुधारली की नसबंदी करून घ्या. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा आजार न केलेल्या माद्यांना होतो. फार पाणी पिणं, उलट्या, मलूलपणा, कधी पू दिसतो, कधी दिसतच नाही. तो जिवावर बेततो. नसबंदीने तो धोका जातो आणि कुणी तिला पुन्हा पिल्लांसाठी वापरण्याचा प्रश्नही मिटतो.

डॉक्टरांनी त्या दिवशी आणखी एक सुचवलं होतं : कमरेचा एक्स-रे. रक्त तपासणी, औषधं, लस यांत बरेच पैसे गेले होते. मीच म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. ही माझी चूक, आणि ती पुढे महागात पडली.

एकोणिसावा दिवस

जुलैची सुरुवात होती. पावसात भिजून राणी आली. सासरे, म्हणजे आमचे बाबा, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांचं तिच्याशी चांगलं जमलं होतं. टॉवेल घेऊन ते तिचं अंग पुसायला बसले. पाठ पुसली, मग मागच्या पायांकडे हात गेला, आणि राणी गर्रकन वळली. गुरगुरली आणि तिने बाबांचं मनगट तोंडात धरलं. लगेच सोडलं. पण दोन ठिकाणी कातडी फाटून रक्त आलं.

आधी बाबांच्या हाताचं सांगते, कारण हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद नाही, मिरची नाही, चुना नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. कुत्रा घरचा असो, लस झालेली असो, रेबीजच्या इंजेक्शनांचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, आपण नाही. रेबीज एकदा उमटला की त्यावर उपाय नाही. आम्ही बाबांचे सगळे डोस पूर्ण केले.

त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. माझा आठ वर्षांचा मुलगा खोलीतून बाहेर येईना. मिस्टर म्हणाले, "रविवारी परत देऊन येऊ. उद्या पोराच्या तोंडाला धरलं तर?" त्यांचं चूक नव्हतं. मीही 'हो' म्हटलं. फक्त तोवर डॉक्टरांना फोन केला आणि झालेलं सांगितलं. ते म्हणाले, "परत द्यायची तर द्या. पण आधी तो एक्स-रे काढा."

एक्स-रेत दोन्ही खुबे झिजलेले निघाले. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसतच नव्हता, आणि वाटीच्या कडेला हाड वाढलेलं होतं. या जातीत हा दोष अनुवंशाने बराच येतो. बाबांचा हात नेमका तिथे पडला होता. तिने आधी मान वळवली होती, ओठ चाटले होते. बाबांना ते दिसलं नाही, आणि आम्ही कुणी ते वाचायला शिकलोच नव्हतो.

राणी परत गेली नाही. दुखण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. गुळगुळीत फरशीवर रबरी पाठीच्या चटया घातल्या. उड्या, जिन्याची धावपळ बंद. वजन वाढवलं, पण बेताने, कारण जास्तीचं वजन खुब्यालाच लागतं. दीडेक महिन्याने ती स्वतः येऊन बाबांच्या खुर्चीला टेकून बसायला लागली. बाबा तिच्या छातीवरून हात फिरवतात, कमरेला लावत नाहीत. दोघांचं ठरलेलं आहे.

यातून तीन गोष्टी सांगते. एक, कुत्रा अचानक गुरगुरायला लागला तर 'वळण लावायच्या' आधी दुखतंय का ते तपासा. कान, दात, खुबा, पाठ. दोन, गुरगुरण्यावर कधी मारू नका. गुरगुरणं हा इशारा आहे. तो मारून बंद केलात तर पुढच्या वेळी इशारा न देता दात येतील. तीन, प्रत्येक चावा दुखण्यातून येत नाही. काही कुत्र्यांच्या मनावरचा घाव खोल असतो आणि लहान मुलांचं घर त्यांच्यासाठी नसतं. अशा वेळी जाणत्या संस्थेकडे परत देणं हा पराभव नाही. रस्त्यावर सोडणं हा गुन्हा आहे. दोन्हींत फरक आहे.

जाळीच्या मुसक्याची सवय सगळ्यांनाच लावा. मुसक्याच्या आत खाऊ ठेवायचा, त्याने स्वतः तोंड घालायचं, दोन सेकंद, मग पाच, मग मिनिटभर. जाळी एवढी मोठी हवी की धाप टाकता येईल आणि पाणी पिता येईल. दवाखान्यात, लिफ्टमध्ये यामुळे सगळेच निर्धास्त राहतात. ती शिक्षा नाही.

दमवू नका, काम द्या

लोक सांगतात, खूप पळवा, दमला की शांत होईल. रोज तासभर चेंडू फेकाल तर तुम्ही एक पैलवान तयार कराल, ज्याला उद्या दीड तास लागेल. कामाच्या जातीला डोक्याचं काम लागतं.

सगळ्यात स्वस्त काम नाकाचं. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीरने जे नाव कमावलं, ते नाकाच्या जोरावर. तेच आपण घरात करायचं. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे बारीक तुकडे करा. राणीला दाराबाहेर थांबवते, पाच-सहा तुकडे खोलीत ठेवते, चटईखाली, खुर्चीमागे, जुन्या खोक्यात. मग "शोध" म्हणते. पंधरा मिनिटांत ती जेवढी समाधानाने झोपते, तेवढी तासभर चालूनही झोपत नाही. खुब्याला त्रासही नाही. फिरायला नेल्यावरही तिला हुंगू द्या, ओढत नेऊ नका. हुंगणं म्हणजे तिचं वर्तमानपत्र आहे.

दुसरं काम थांबण्याचं. दार उघडलं तरी बस म्हटलं की बसणं, ताट समोर असलं तरी 'घे' म्हणेपर्यंत थांबणं. बरोबर केलं की त्याच क्षणी खाऊ. चुकलं की काही नाही, पुन्हा सोपं करून सांगा. काटेरी पट्टा, शॉक देणारा पट्टा यांच्या वाटेला जाऊ नका. आधीच मार खाल्लेल्या कुत्र्याला त्यातून एवढंच कळतं की समोर जे दिसतंय, मूल असो की सायकल, त्यामुळे दुखतं.

आणि मुलं धावली की पोटरीला दात लावायची सवय? आमच्याकडे मुलाला शिकवलं : ती मागे आली की झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी. धावणारी मेंढी थांबली की मेंढपाळाचं काम संपतं. राणीला शिकवलं : मुलं धावली की स्वतःच्या अंथरुणावर जायचं, तिथे तिला चघळायला मिळतं. आणि मुलं व कुत्रा यांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र ठेवायचं नाही. हा नियम सहा वर्षांनंतरही मोडलेला नाही.

उन्हाळा आणि ताट

आपल्याकडचा उन्हाळा या कुत्र्यांना मारतो, हे शब्दशः घ्या. अंगावर केसांचे दोन थर असतात. लोक वाटून घेतात की कापून टाकले तर गार वाटेल. कापू नका. तो थर ऊनही अडवतो. आतले सुटे केस रोज विंचरून काढा. फिरणं सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला धरवत नसेल तर तिच्या पंजालाही धरवत नाही. बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा नाही.

कुत्र्याचं अंग मुळात १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. जोराची धाप, दाट लाळ, लालभडक हिरड्या, तोल जाणं, उलटी ही उष्माघाताची लक्षणं. लगेच सावलीत घ्या, अंगावर साधं थंड पाणी ओता, पंखा लावा, आणि गार करत करतच दवाखान्यात न्या.

खाण्याचं. दूध-पोळीवर तीस किलोचा कुत्रा जगतो, पण सुधारत नाही. त्याला प्रथिनं हवीत : मांस, अंडी, किंवा चांगलं तयार खाद्य. शाकाहारी घर असेल तर डॉक्टरांकडून आहार आखून घ्या, अंदाजाने नको. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट बंद. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या कधीही नाहीत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

छाती खोल असलेल्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. पोट ढोलासारखं, ओकारीचे उमाळे पण बाहेर काहीच नाही, कुत्रा अस्वस्थ. हे दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, हातात काही तासच असतात. म्हणून दिवसाचं खाणं दोन वेळांत विभागून द्या, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर धावपळ नको. रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना तुमच्या शहरात कुठे आहे, ते आजच फोनमध्ये लिहून ठेवा.

सोसायटी आणि कायदा

बऱ्याच महानगरपालिकांत कुत्र्याची नोंदणी लागते. ती करा, रेबीजचा दाखला जपून ठेवा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे की सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. हे माहीत असू द्या, पण ते पत्रक फडकवत सोसायटीत राहू नका. लिफ्टमध्ये आखूड दोरी, कुणी घाबरत असेल तर पुढची लिफ्ट, विष्ठा स्वतः उचलणं. यानेच वातावरण निवळतं.

काही जातींबाबत गोंधळ आहे. १२ मार्च २०२४ च्या पत्राने केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने रॉटवायलरसह तेवीस जातींवर बंदी सुचवली, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते पत्रक रद्द केलं. काही शहरांनी आपापले नियम केले आहेत. अशी जात घेणार असाल तर आधी आपल्या पालिकेत विचारून घ्या.

आणि सोडून देणाऱ्यांचं? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत राणीची पाच वर्षं. पिल्लं काढणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत : राज्याच्या मंडळाकडे नोंदणी हवी, अठरा महिन्यांखालच्या मादीकडून पिल्लं घ्यायची नाहीत, आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही. पिल्लू विकत घेणाऱ्याने नोंदणीचा कागद मागितला, पिल्लाची आई कुठे आहे ते बघायचा हट्ट धरला, तरी बऱ्याच राण्या वाचतील.

घेणं जमत नसेल तर

सगळ्यांनी कुत्रा घ्यावा असं मी म्हणत नाही. संस्थांना महिनाभर सांभाळणारं घर हवं असतं, गाडीने दवाखान्यात नेणारं कुणी हवं असतं, एका एक्स-रेचे पैसे देणारं कुणी हवं असतं. तो एक एक्स-रे काय करतो, ते मी आत्ताच सांगितलं.

राणी आता अकराच्या घरात आहे. जिना चढत नाही, लिफ्टने जाते. रात्री घरातला शेवटचा दिवा मालवेपर्यंत झोपत नाही. आम्ही चौघं आपापल्या जागी गेलो का, ते एकदा प्रत्येक दारात डोकावून बघते, आणि मगच अंग टाकते. बाबांच्या दारात जरा जास्त वेळ थांबते.

तुमच्या गेटपाशी कुणी बसलं असेल, तर आज रात्री आधी पाणी ठेवा. सकाळी डॉक्टरांना फोन करा. बाकीचं आपण बघू.

भेटू या पुढच्या भागात. काळजी घ्या.